एकही खाडा नसलेलं वर्ष

दशरथ रणपिसे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. म्हणजे माल बनवायचा दुसऱ्यांनी. यांनी तो मापायचा आणि मापात बसला नाही तर नाकारायचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. भाजीच्या गाडीवर ते एकेक भेंडी बोटांत फिरवून बघत. भाजीवाला विचारायचा, "काय काका, आज मी पास का नापास?"

"तू पास. भेंडी नापास."

येरवड्याला पुलाच्या खालच्या अंगाला, नदीच्या काठाने पक्ष्यांसाठी राखलेलं रान आहे. रान आपलं म्हणायचं. बाभळी, जलपर्णी, पुरात येऊन फांद्यांना अडकलेल्या पिशव्या, आणि मधोमध घोटाभर पाण्याची दलदल. पण हिवाळ्यात त्याच दलदलीत दूरदेशाची बदकं उतरतात. दोन्ही मुलं बाहेरगावी शिकायला गेल्यावर मी सकाळची तिकडे चालायला जाऊ लागले, आणि एकाच इमारतीत नऊ वर्षं राहून जे काका मला नुसते जिन्यात 'जय भीम' म्हणणारे म्हणून माहीत होते, ते तिथे गळ्यात दुर्बीण अडकवलेले भेटले. पक्ष्यांची नावं मी त्यांच्याकडूनच शिकले.

त्या डिसेंबरात बातमी आली की दलदलीवर भराव घालून काठाने रस्ता नेणार. वर्षभराने सुनावणी होती आणि तोवर हरकती द्यायच्या होत्या. दलदलीच्या कडेच्या बांधावर येणारे आम्ही पाचसहा जण नुसते हळहळत होतो. आमच्यात निकिता म्हणून एक प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी होती. ती म्हणाली, "इमोशनल बोलून काही होत नसतं. ते लोक डेटा मागतात. वर्षभराचा. तो कोणाकडेच नाहीये."

काकांनी विचारलं, "वर्षभराचा म्हणजे रोजचा?"

"रोजचा असेल तर बेस्टच. पण एवढं कोण करणार?"

काका म्हणाले, "बरं." त्यांनी 'बरं' म्हटलं की काम सुरू झालेलं असतं, हे चंद्रभागाबाईंना, त्यांच्या पत्नीला, ठाऊक होतं. मला नंतर कळलं.

एक जानेवारीला ते दरवर्षी कोरेगावला जातात, म्हणून वर्ष दोन तारखेपासून धरलं. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं, त्यावर पट्टीने रकाने आखले. बांधावर पाच जागा ठरवल्या. प्रत्येक जागी दहा मिनिटं, गप्पा बंद. लिहायचं काम माझ्याकडे आलं. "तुमचं अक्षर चांगलं आहे, ताई. मी सांगेन, तुम्ही लिहा. माझी नजर पाण्यावरून हलायला नको."

त्यांचे नियम कारखान्यातले होते. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि ओळखलं तेवढंच लिहायचं. नुसता आवाज आला, नोंद नाही. 'बहुतेक तोच असेल' याला नोंद नाही. आणि खाडा नाही, एक दिवसही नाही. "आमच्याकडे तपासणीच्या वहीत एक दिवस कोरा निघाला ना, की पुढचामागचा सगळा लॉट परत. आदल्या दिवशी तरी तुम्ही खरंच तपासलं होतंत कशावरून, असं विचारतात. आणि बरोबर विचारतात."

जानेवारीत मी लिहिलेली पानं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. थापट्या, म्हणजे फावड्यासारख्या चोचीचं बदक, एकशे बारा. लाल काडीच्या पायांचे शेकाटे एकसष्ट. तुतवार नावाची चिमणीपेक्षा थोडीच मोठी पाणचिखलातली पाखरं, नऊ. काका पुटपुटत मोजायचे, दुर्बीण खाली न घेता बोटांनी दहाचा हिशेब ठेवायचे, आणि मग आकडा सांगायचे. मला थापट्या आणि साधं बदक यातला फरक कळायला महिना लागला. तोवर काका, "तुम्ही अजून ट्रेनिंगमध्ये," म्हणायचे.

चंद्रभागाबाईंना यातलं काही पटत नव्हतं. "पेन्शनीतली माणसं लेकीकडे जाऊन चार दिवस राहतात," त्या म्हणायच्या. "आमचे रोज डासांना जेवण घालायला जातात."

"मग तू पण चल," काका म्हणायचे.

"मी काय पक्वान्न आहे?"

पण साडेपाचला चहाचा थर्मास त्याच भरून ठेवायच्या, आणि त्यात माझ्या वाटणीचा चहा असायचा.

खाडा खरंच पडला नाही. चौदा एप्रिलला पांढरे कपडे घालूनच बांधावर आले, मोजणी उरकली आणि तिथूनच पुतळ्याला हार घालायला गेले. जून महिन्यात निकिताला डेहराडूनला नोकरी लागली. जाताना म्हणाली, "काका, तुमचा डेटा म्हणजे गोल्ड आहे. जपा." जुलैत त्यांना ताप होता. मी स्कूटरवर मागे बसवून नेलं. माझ्या पाठीला त्यांच्या अंगाची धग लागत होती. पुढे धरणातून पाणी सोडलं, बांध बुडाला, तेव्हा आम्ही छत्र्या धरून पुलावरून मोजलं. त्या दिवशीची नोंद 'घार दोन' एवढीच आहे. मला ती सगळ्या वहीतली सगळ्यात मोठी वाटली होती.

ऑगस्टात पहिल्यांदा काही तरी खटकलं. तारेवर, आमच्यापासून दहा पावलांवर, खंड्या बसला होता. निळा, चकचकीत. शेंबडं पोरसुद्धा ओळखेल असा. काका म्हणाले, "तारेवर काही तरी आहे." दुर्बीण लावली, चाकं फिरवली, काच शर्टाला पुसली, परत लावली. मग म्हणाले, "नका लिहू."

मी लिहिलं नाही. वाटलं, थट्टा करतायत. मग लक्षात आलं की बांध उतरताना ते आधी पाय टेकवून जमीन चाचपतात.

जिन्यात चंद्रभागाबाईंनी सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा पिकलेला. डॉक्टर म्हणाले होते की एकामागून एक दोन्ही करू, दीडएक महिना धूळ, वारा, पाणी काही नको. म्हणजे बांध नको. "तर हे म्हणाले, एक जानेवारीनंतर बघू. डॉक्टरना वाटलं घरात लग्नबिग्न आहे."

मी काकांशी बोलले. ते रागावले नाहीत. "ताई, सव्वासात महिने झालेत. आता सोडलं तर दोन जानेवारीपासूनचं सगळं रद्दीत. मोतीबिंदू काय, तो कुठे पळून जात नाही."

मला ते पटलं. पटलं असंच लिहायला हवं, कारण मी वाद घातला नाही. त्या रजिस्टरात माझंही अक्षर होतं, आणि ते मध्येच कोरं राहावं असं मलाही वाटत नव्हतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बदकं आली. तिसऱ्या जागेवर आम्ही उभे होतो. धुकं उठलं आणि समोर पलीकडच्या काठाला थापट्यांची रांग दिसली, पाण्यात चोची घालून संथ फिरणारी. पन्नास तरी होती. मी पेन धरून आकड्याची वाट बघत होते. दहा मिनिटं झाली. काका म्हणाले, "पाणकावळा एक. बाकी काही नाही."

"काका, तिकडे थापट्या आहेत. पन्नासेक. पलीकडच्या काठाला."

ते बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी दुर्बीण खाली घेतली.

"मला दिसत नाहीत."

"पण आहेत. मला नुसत्या डोळ्यांनी दिसतायत."

"मग तुमच्या वहीत लिहा," ते म्हणाले. टोमणा नव्हता. नियम सांगावा तसं म्हणाले.

माझी वही नव्हती. येताना रस्त्यात स्टेशनरीचं दुकान लागतं, तिथे मी त्याच दिवशी थांबू शकले असते. थांबले नाही. उद्यापासून त्यांच्या शेजारी उभं राहून, त्यांनी 'काही नाही' म्हटलं की मी माझ्या वहीत 'चौपन्न' लिहायचं, हे मला जमलं नसतं. दहा महिने ज्या माणसाने मला पाखरू आणि पाखरू यातला फरक शिकवला त्याला रोज सकाळी पाच वेळा आंधळं म्हणायचं, असंच ते झालं असतं. मला ती माया वाटली. पुन्हा मी थापट्यांचं नाव काढलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

डिसेंबरभर मी चांगल्या अक्षरात शून्यं लिहिली. थापट्या शून्य. शेकाट्या शून्य. तुतवार शून्य. समोर पाणी बदकांनी भरलेलं असायचं. इतकी जाड वही आत उघडून कोण बघणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. वर्षभर रोज, खाडा नाही, एवढं पुष्कळ झालं. एक जानेवारीला उजाडता उजाडता मोजणी उरकून काका कोरेगावच्या गाडीत बसले. शेवटच्या पानावर त्यांनी सही केली ती ओळ सोडून खाली गेली.

सुनावणी जानेवारीच्या अखेरीला झाली. खुर्च्या मांडलेला हॉल, पंखे, पाण्याच्या बाटल्या. काका इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत. चंद्रभागाबाईही आल्या होत्या, पहिल्यांदाच. अधिकारी वयाने लहान होते पण बोलायला नीट. रजिस्टर दोन्ही हातांनी घेतलं. "रोज? कमाल आहे आजोबा." मग त्यांनी ते उघडलं. सुरुवातीची पानं बघितली, शेवटची बघितली, आणि परत सुरुवातीला आले.

"आजोबा, मागच्या जानेवारीत तुम्ही थापट्या एकशे बारा लिहिलेत. या डिसेंबरात पूर्ण महिना शून्य. शेकाट्यांचंही तेच. आमच्या सल्लागारांनी एवढंच म्हटलं होतं की पक्षी कमी होतायत. तुम्ही तर दाखवून दिलंत की गेलेच. मग रस्त्याने नुकसान कोणाचं?"

मी उभी राहिले. म्हणाले, पक्षी आहेत, मी रोज बघते, कालही होते.

"आपल्या नोंदी?"

"माझ्या नाहीत. पण या वहीतलं अक्षर माझंच आहे."

"म्हणजे दिसत असताना आपण शून्य लिहिलंत?"

काका खुर्चीच्या पाठीला धरून उठले.

"साहेब, त्यांना काही विचारू नका. मी सांगितलं ते त्यांनी लिहिलं. पक्षी गेलेले नाहीत. माझे डोळे गेलेत. मोतीबिंदू आहे, ऑगस्टात कळलं."

हॉलमध्ये मागे कोणी तरी हसलं आणि गप्प झालं.

"ठीक आहे," अधिकारी म्हणाले. आवाजात खरंच सहानुभूती होती. "मग ऑगस्टनंतरच्या नोंदी आपण बाजूला ठेवू. आधीच्या धरू. चालेल?"

एवढ्यावर काकांनी 'चालेल' म्हणायला हवं होतं. मी त्यांच्याकडे बघत होते. सात महिने तरी वाचत होते. एकशे बारा थापट्या कागदावर राहात होत्या. पण चौतीस वर्षं त्यांनी अशाच वह्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिल्या होत्या.

"ऑगस्टात कळलं," ते म्हणाले. "सुरू कधी झालं ते मला सांगता येणार नाही. मे महिन्यात, एप्रिलात, काय माहीत. मापायचं हत्यारच खराब निघालं तर कुठल्या तारखेपासून खराब, हे कसं ठरवणार? आम्ही असा लॉट पूर्ण नाकारायचो."

"म्हणजे हे रजिस्टर आपण मागे घेताय?"

चंद्रभागाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, बसा ना खाली."

"घेतो," काका म्हणाले.

अधिकाऱ्यांनी तसं लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं. आमच्या बाजूने आणखी दोघं बोलले. दोघंही इमोशनल बोलले.

इमारतीशी रिक्षातून उतरल्यावर मी म्हणाले, "काका, चुकलं माझं. मी वेगळं लिहून ठेवायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले. "हवं होतं." नाही ताई, तुमची काय चूक, असं ते म्हणतील याची मी वाट बघत होते. ते जिना चढून गेले.

फेब्रुवारीत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आता खाडा पडायला काही उरलं नव्हतं. मार्च संपता संपता डॉक्टरांनी काळा चष्मा उतरवला, आणि त्याच आठवड्यात बांधाकडे जाणाऱ्या रस्त्यावर डंपर दिसू लागले. मी काकांना सांगितलं नव्हतं. एका सकाळी तेच खाली आले आणि म्हणाले, "चला."

दुर्बीण नव्हती आणली. बांधावर चढताना त्यांनी पाय चाचपला नाही. पहिली जागा आणि दुसरी जागा आता राडारोड्याखाली होती. विटांचे तुकडे, फरशा, कोणाच्या तरी बाथरूमची निळी टाइल. तिसऱ्या जागेपासून पुढे पाणी होतं, पण त्यात डंपर हौदा उचलून माती ओतत होता. काका कमरेवर हात ठेवून उभे राहिले. ते एका जागी किती वेळ थांबतात ते मला माहीत होतं. दहा मिनिटांच्याही वर झालं.

"सगळं स्वच्छ दिसतंय," ते म्हणाले. "त्या गाडीचा नंबरसुद्धा वाचता येतोय इथून."

मग त्यांनी तो वाचून दाखवला. बरोबर होता.

त्यानंतर ते तिकडे गेले नाहीत. सकाळी खाली बाकावर बसून चष्म्याशिवाय पेपर वाचतात, छोट्या जाहिरातींसकट. येणारेजाणारे थांबून विचारतात आणि म्हणतात की काका, ऑपरेशन एक नंबर झालं बघा. काका मान हलवतात. माझ्याशी बोलतात, पाण्याच्या टाकीबद्दल, लिफ्टबद्दल. चंद्रभागाबाई अजून साडेपाचलाच उठतात. परवा म्हणाल्या, "निदान एकदा भांडला तरी असतात ना तुम्ही दोघं. घरात एवढं शांत बरं नाही वाटत."