मैंदर्गीची घोंगडी

माझा राग आजही नाकावर असतो, पण तेव्हा तो तिथून खाली उतरतच नव्हता. सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात कॉलेजला आलेली आम्ही तीन पोरं एका खोलीत राहत होतो आणि एकमेकांना गावाच्याच नावानं हाक मारत होतो. एक केम, एक मैंदर्गी आणि मी माळशिरस.

सुट्टीच्या दिवशी शेजारचे माग थांबले, की दुपारी आमचा खेळ सुरू व्हायचा. खेळ माझ्या डोक्यातून निघालेला. मी गोष्ट रचायची आणि त्या दोघांनी त्यातले वीर व्हायचं. वाटेत राक्षस, भुयार, मंतरलेली विहीर, काय वाट्टेल ते यायचं. संकट आलं की फोडलेल्या चिंचोक्यांच्या सहा फाका फरशीवर टाकायच्या. निम्म्याहून जास्त पांढऱ्या पडल्या तर वीर सुटला, नाहीतर जखमी. तीन जखमा झाल्या की मेला. प्रत्येकाला एक शक्ती मागायची मुभा होती आणि एकदा दिलेली शक्ती परत घ्यायची नाही, हा नियमही माझाच.

केमनं ढाल मागितली. तिच्यानं एक फाक वाढवून मिळायची. मैंदर्गी मेंढपाळाच्या घरचा. तो म्हणाला, "मला घोंगडी पायजे. अंगावर असली की कशानंबी जखम व्हायची न्हाय."

मी उसाच्या रानातला. घोंगडीत असून असून काय असणार? हसत हसत देऊन टाकली.

पुढचे चार महिने मी पस्तावलो. आग लावली, घोंगडी. पूर आणला, घोंगडी. सात तोंडांचा नाग सोडला, तर हा घोंगडी ओढून भाकरी खात बसला! फाका टाकायची त्याला गरजच उरली नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला? शेवटी केम वैतागला. "ह्याच्यासंगं खेळण्यात काय राम न्हाय. पुढच्या बारीला ती घोंगडी तरी ऱ्हाईल, न्हायतर मी."

त्याच आठवड्यात निकाल लागला आणि मैंदर्गी इंग्रजीत नापास झाला. वर्गात तो तोंड उघडत नसे. घरी कानडी, आमच्यात मराठी आणि पुस्तकात इंग्रजी, यात त्याची फरफट चालली होती. त्यानं गाठोडं बांधलं. म्हणाला, "उद्याच्या यष्टीनं जातो. मेंढरं तरी नापास करत न्हाईत." मला फार वाईट वाटलं, पण बोललो असं की, "जा की. निदान खेळ तरी सुटेल."

केमनंच त्याला शेवटच्या डावाला ओढून बसवलं. मी मनात ठरवलं होतं की आज ह्याची जिरवायची. उघडा माळ रचला, वरून लिंबाएवढ्या गारा सोडल्या. मैंदर्गीनं सवयीनं घोंगडी ओढली. मग गोष्ट जरा भरावी म्हणून मी सहज म्हणालो, "समोर एक मेंढी व्यालीय. कोकरू ओलं आहे, थरथरतंय."

तो एकदम ताठ बसला. "कोकरावर घातली."

"काय?"

"घोंगडी. आदी कोकरू, मग माणूस. आमच्यात असंच असतंय."

"अरे, मग तुझ्यावर गारा पडतील."

"पडू दे की."

चार महिन्यांत पहिल्यांदा त्यानं फाका हातात घेतल्या. एकच पांढरी पडली. पुन्हा टाकल्या, दोन. दोन जखमा झाल्या. ह्याला मारायला मीच तर बसलो होतो, आणि आता मला तो मेलेला नको होता. गोष्ट माझी, गारा माझ्या. सगळ्यांत मोठी शक्ती मीच घेऊन बसलो होतो आणि नावं मात्र त्याच्या घोंगडीला ठेवत होतो.

तेवढ्यात केम ओरडला, "ये हिकडं, माज्या ढालीखाली! लई जागा हाय."

ढालीची एक फाक वाढली. मैंदर्गीनं सात टाकल्या. पाच पांढऱ्या! तिघंही असे ओरडलो की घरमालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्या गेल्यावर मैंदर्गीनं विचारलं, "कोकराचं पुढं काय झालं?"

"ते पुढच्या रविवारी," मी म्हणालो.

"मी कुटं हाय रविवारी?"

मी रागानंच बोललो, मला दुसरं येतच नव्हतं. "ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भर, म्हणजे असशील. इंग्रजी मी घेतो तुझं. रोज."

त्यानं फाका गोळा केल्या. मग गाठोडं सोडलं. आत कपड्यांवर एक काळी घोंगडी होती. सोलापूरला निघताना त्याच्या बापानं ती स्वतःच्या खांद्यावरची काढून त्याच्या खांद्यावर टाकली होती, हे त्यानं तेव्हा सांगितलं. चार महिने ती त्याच्या उशाशी होती आणि मी कधी विचारलंही नव्हतं.

ती त्यानं फरशीवर अंथरली आणि आम्हाला म्हणाला, "बसा."

लई टोचत होती. पण इंग्रजीचं पुस्तक उघडून आम्ही तिघंही तिच्यावर बसलो.