तस्संच घर

घराच्या नकाशा-मंजुरीच्या खिडकीतून पूर्वी फाइल नुसती परत यायची; आता समोर बसवून दुरुस्ती सांगतात. रांगेत माझ्यापुढे एक निवृत्त गृहस्थ होते. बरखेड्याचं कंपनीचं क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून त्यांना प्लॉटवर तस्संच घर बांधायचं होतं.

"अंकल, सामने जगह कम छूट रही है. दरवाज़ा बगल में कर दीजिए," टेबलावरची मुलगी म्हणाली.

त्यांनी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत हळूच बोट फिरवलं. "नहीं बेटा. मिसेज़ को दिखता नहीं. इस नक्शे में वो अकेली चल लेती हैं."

मुलीने नकाशावर पेन्सिलीने अख्खं घरच मागे सरकवलं.

मग मला विचारलं, "आंटी, आपको भी पुराना कुछ रखना है?"

माझ्या नव्या घराच्या नकाशात सगळं होतं. आमच्या क्वार्टरचा मागचा, सकाळच्या उन्हाचा ओटा तेवढा नव्हता.