स्वयंपाकघरात बसवलेली पाहुणी

माशीमा गेल्याचं त्यांच्या भाच्याने दारात उभं राहूनच सांगितलं. मी विळीवर भोपळा चिरत होते, हात पुसायचंही सुचलं नाही. आजारात त्यांनी दोनदा विचारलं म्हणे, मराठी बौमा आली का? बंगालीत माशीमा म्हणजे मावशी आणि बौमा म्हणजे सूनबाई; ती सूनबाई मी. मला त्यांचा आजार कळलाच नव्हता. कळावा इतकं जाणं मी कधी ठेवलंच नव्हतं...

सात वर्षांपूर्वी ह्यांची कलकत्त्याला बदली झाली. बिऱ्हाड लागतंय न लागतंय तोच ह्यांना विषमज्वराने गाठलं. नातलग सगळे पुण्याकडे, आणि मला बंगाली ओ की ठो कळत नव्हतं. इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून मी नुसती कुलदेवीला हाका मारत होते. ह्यांच्या शेजारच्या खाटेवर एक वयस्क मास्तर होते, फाळणीत पूर्व बंगालातलं घरदार सोडून आलेले. त्यांची बायको म्हणजे माशीमा. त्यांनी माझा भांग पाहिला, हात पाहिले. शेंदूर नाही, शंखाच्या बांगड्या नाहीत. आमचं मंगळसूत्र त्यांना कुठून ठाऊक असणार! त्यांना वाटलं, पोरीने नवऱ्याचं आयुष्य उघड्यावर टाकलंय. उठल्या, माझी हनुवटी धरली आणि आपल्या डबीतला शेंदूर माझ्या भांगात भरला. मी मुलखाची तापट, त्यांचा हात झटकून टाकला. त्या रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी वरणभात घेऊन आल्या, मग रोजच. मी जेवले की मला आडवं व्हायला लावायच्या आणि स्वतः ह्यांच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत बसायच्या.

नवव्या दिवशी मास्तर गेले. आता कशाला येतील त्या, असं मला वाटलं. चार दिवसांनी आल्या. बिनकाठाची पांढरी साडी, मनगटं बांगड्यांवाचून मोकळी, आणि हातात ह्यांच्यासाठी बार्लीचं पाणी. मी पुढे झाले तशा त्या मागे सरकल्या आणि ती डबी माझ्या हातावर ठेवली. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "आता माझ्या हातून नको, बौमा. तूच लाव."

त्याच आठवड्यात ह्यांचा ताप उतरला. डॉक्टरांनी श्रेय औषधाला दिलं, देऊ देत. मी देव पाहिला तो त्या व्हरांड्यात, बार्लीचं भांडं घेऊन उभा असलेला.

आणि त्या देवाचं मी काय केलं? दोन वर्षांनी चैत्रात माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बालीगंजातल्या झाडून साऱ्या मराठी बायका जमल्या होत्या. माशीमांना मी बोलावलं नव्हतं, पण त्या नेमक्या तेव्हाच सहज म्हणून आल्या. ऐन हळदीकुंकवात विधवा बाई... मी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, पाट दिला, वाटीत आंब्याची डाळ दिली आणि दार ओढून घेतलं. देवाला मी दाराआड बसवलं! त्यांनी डाळ संपवली, वाटी घासून पालथी घातली आणि मागच्या जिन्याने निघून गेल्या. पुढेही दरवर्षी दुर्गापूजा झाली की मिठाई घेऊन आशीर्वाद द्यायला यायच्या. मी पाया पडायचे, पण माझं चुकलं एवढे दोन शब्द काही तोंडातून फुटले नाहीत. लाज वाटत होती, दुसरं काय.

परवा त्यांच्या घरी गेले, पहिल्यांदाच. निर्वासितांच्या वस्तीतली एक खोली. भाच्याने ट्रंकेतून एक आसन काढलं, रंगीत दोऱ्यांनी भरलेलं, घडीही न मोडलेलं. मराठी बौमा जेवायला येईल तेव्हाच हे घालायचं, असं म्हणून माशीमांनी त्यावर कोणाला बसू दिलं नव्हतं. त्याने ते खोलीच्या मधोमध अंथरलं, पान मांडलं, भात वाढला. दारात शेजारच्या बायका जमल्या. तो त्यांना कौतुकाने सांगू लागला, हीच आमच्या माशीमांची बौमा. त्या आत आल्या आणि मला मध्ये घेऊन बसल्या.