न आलेलं शेवटचं रीळ

सिनेमाच्या वेडावरच्या एका इटालियन चित्रपटाची परीक्षणं मी आईला वाचून दाखवत होते. जुने दिवस फारच गोड रंगवलेत, अशी तक्रार होती.

मला केळापूरच्या जत्रेतला सिनेमाचा तंबू आठवला. पांढरकवड्याच्या टॉकीजमध्ये दाखवून झालेली रिळं सायकलवरून तिथे यायची. त्या संध्याकाळी शेवटचं रीळ येईचना. बाबांना देवीच्या दर्शनाचं सांगून आलेली आई एकदा कोऱ्या पडद्याकडे, एकदा दाराकडे पाहत होती. तिच्या घामेजलेल्या मुठीत माझी बोटं दुखत होती.

“चाल वं, तुये बाबा धुंडत येतीन,” म्हणत ती उठली.

आज परीक्षण ऐकून ती म्हणाली, “गोड कायचं? जीव मुठीत धरून पाह्यला होता आपन.” मग बाबांच्या खोलीकडे बघत तिनं आवाज बारीक केला. “त्या सिनेम्यात शेवटी काय झालं वं? कोनाले इचारताच नाही आलं.”