इस्त्रीवाला आणि सासूबाईंचा चिखल

इस्त्रीवाल्याचं चिखलाशी हाडवैर होतं, आणि ते काही उगाच नव्हतं. नदी अनेक फाटे फोडून समुद्राला मिळते तिथल्या सखल वस्तीत त्याचं दुकान. समुद्र वर्षागणिक वर चढत चाललेला. उधाणाची भरती आली की पाणी न विचारता आत शिरायचं आणि खालच्या फळीवरचे कडक इस्त्रीचे कपडे पुन्हा धुवायला काढायचं. एवढं होऊनही हा स्वतः पांढऱ्या शुभ्र पँटमध्येच वावरायचा. बसताना आधी गुडघ्यावरची घडी चिमटीत धरायचा, मगच खुर्चीला टेकायचा.

वस्तीची बैठक भरली तेव्हा त्याने ठणकावून सांगितलं, "भिंत बांधा. सिमेंटची. विषय संपला!"

"आणि मागच्या भिंतीचं काय झालं?" त्याच्या सासूबाईंनी विचारलं.

सासूबाई म्हणजे जाळी विणणाऱ्या बायकांच्या पुढारी, आणि इस्त्रीवाल्याच्या दुर्दैवाने त्याच गल्लीत राहणाऱ्या. मागची भिंत लाटांनी पायथ्याशी पोखरून आडवी केली होती, हे त्यालाही ठाऊक होतं. आडव्या भिंतीवर चादरी वाळत घालणारा तोच तर होता.

किनाऱ्याचा अभ्यास करणाऱ्या बाईंनी आता वेगळा आराखडा दिला होता. बांबूंच्या दोन ओळी रोवायच्या आणि मधे फांद्या ठासून भरायच्या. लाट त्यातून येताना दमते, आणि बरोबर आणलेला गाळ मागे टाकून जाते. गाळ उंच झाला की तिवरांच्या बिया आपणहून रुजतात, आणि पुढे ती झाडंच लाटा अडवतात.

"म्हणजे आपण घाम गाळून चिखल गोळा करायचा?" इस्त्रीवाल्याला ऐकवेना.

"हो, जावईबापू. उद्या ओहोटीला तुम्हीही यायचं."

'मुळीच नाही' असं त्याने मनात पक्कं केलं. तोंड उघडलं तेव्हा बाहेर पडलं, "किती वाजता?"

दुसऱ्या दिवशी तो आला तो इस्त्रीच्या पँटमध्येच, फक्त खालून नीटस दुमडलेली. डोक्यावर फांद्यांचा भारा. थोडं पुढे जातो तोच गुडघ्यापर्यंत रुतला. "अहो, हलू नका!" बायको ओरडली. तो हलला. चिखल कमरेला आला.

बायकांनी फळी टाकली. सासूबाईंनी बगलेत हात घालून जावयाला जो हिसका दिला, त्यासरशी जावई वर आला आणि पँट खाली राहिली.

"आई, यांची पँट!"

"राहू दे गं. तेवढाच गाळ धरेल."

गुंडाळायला हाताशी होतं ते फक्त मासेमारीचं जाळं. त्या कामी जाळ्याचा जेवढा उपयोग होतो, तेवढाच झाला.

त्यानंतर इस्त्रीवाल्याने किनाऱ्याचं नाव टाकलं. गिऱ्हाईक कपडे द्यायला येई आणि उगाच खोकल्यासारखं करून हसू दाबे. पण दुकानाची मागची खिडकी खाडीवर उघडायची, तिला काय करणार? इस्त्री फिरवता फिरवता नजर जायचीच. बायकांनी उभ्या केलेल्या बांबूच्या कुंपणामागे गाळ साचत होता. सपाट, तुकतुकीत, एक सुरकुती नाही! असं काम त्याला स्वतःलाही रोज जमत नसे. मग एका ओहोटीला तो जुनी अर्धी चड्डी घालून, फळीवरून सरपटत गेला आणि सुटलेल्या फांद्या आवळून आला. पुढे ती सवयच जडली.

एकदा सासूबाई शिंपल्या वेचायला सरळ त्या गाळातूनच निघाल्या. खिडकीतून गर्जना झाली, "आई! पाय मागे घ्या! चिखल खराब होईल!"

बायको बाहेर धावली, "कोण बोललं ते?" सासूबाई एक पाय उचललेल्या अवस्थेत तशाच उभ्या. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा जावयाचं ऐकलं आणि लांबच्या वाटेने गेल्या.

पुढचं मोठं उधाण आलं तेव्हा पाणी दुकानात शिरलंच. पण ते निवांत आलं, दाराला धडका न देता. खाडीलगतचा रस्ताही वाहून गेला नाही. इस्त्रीवाल्याने खालची फळी वीतभर वर ठोकली आणि पाणी ओसरल्यावर आधी तिवरांचे कोवळे कोंब पाहून आला.

आता दुसरं कुंपण घालायचंय. तो म्हणतो खाडीच्या तोंडाशी, सासूबाई म्हणतात वळणावर. दोघंही चिखलात उभे राहून तावातावाने भांडतात, आणि पाणी चढायला लागलं की बायको काठावरून दोघांना हाका मारत राहते.