चरबीच्या जागी मेणबत्ती

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. एकदा फोनवर तिला सांगायला तोंड उघडलं होतं, मग हवेबद्दल बोलले आणि फोन ठेवला. आज तुम्हाला सांगते आहे.

तसं पाहिलं तर सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय? कुणाला इजा झाली नाही, कुणाचं काही मोडलं नाही. दोन-चार मेणबत्त्या वितळल्या, इतकंच. — बघा, सुरू झाले! स्वतःची बाजू घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

२०१६ची गोष्ट. मी तेव्हा आयर्लंडमध्ये, कॉर्कजवळ रिंगास्किडीला एका औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होते. सांगलीला कॉलेजात एनसीसीत रायफल चालवली होती, नेमही बरा होता. ती हौस इथे पुन्हा वर आली आणि मी एका नेमबाजी क्लबात जायला लागले. पहिल्या शनिवारी सगळे लांबून हसून बघत होते. चहा विचारायला आला तो नोएल. सत्तरी ओलांडलेला, भूगोलाचा निवृत्त शिक्षक. इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात, म्हणून वडिलांच्या वयाच्या माणसाला मीही नोएलच म्हणायचे. मनात मात्र तो 'सर' होता.

त्याची रायफल जुन्या घडणीची, पुढून भरायची. नळीच्या तोंडातून आधी काळी दारू, मग शिशाची गोळी. गोळ्या तो घरामागच्या शेडमध्ये स्वतः साच्यात ओतायचा. शिसं मऊ. गोळी कोरडी गेली की ते नळीच्या आतल्या खाचांना लागून राहतं, प्रत्येक गोळीबरोबर थर वाढतो, आणि मग नेम कितीही धरा — गोळी भलतीकडेच. म्हणून गोळीला वंगण लावायचं. नोएलचं वंगण ठरलेलं होतं: मधमाश्यांचं मेण आणि गाईची चरबी. सांधेदुखीने त्याची बोटं आखडली होती, वितळलेल्या वंगणातून गोळ्या काढणं त्याला जमेना. ते काम मी आपणहून अंगावर घेतलं.

आणि त्याने विचारलं होतं हो! चरबीचा डबा उघडण्याआधीच विचारलं होतं. "हे चालेल ना तुला? नाहीतर मेंढीची आणतो, काम तेच होतं." मी काय म्हणाले? "ग्रँड!" — इथे 'मस्त, काही हरकत नाही'ला ग्रँड म्हणतात. क्लबच्या पार्टीत सगळ्यांसमोर बीफ बर्गर खाल्ला होता ना मी. 'आपण तसलं काही पाळत नाही' म्हणून मिरवून झालं होतं. आता चरबीला नाक कसं मुरडणार? शेडमध्ये श्वास रोखून काडीने ढवळायचे. निभून जायचं.

मग मोठा सामना आला. नोएलच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, बरेच महिने रायफलीला हात लागलेला नव्हता. क्लबच्या संघात त्याला घ्यायचं की नाही, ते त्या सामन्यावर ठरणार होतं. पण संघाचं त्याला एवढं नव्हतं. आपल्यात अजून काही उरलंय का, हे त्याला बघायचं होतं. तसं तो मला बोलूनही दाखवायचा. मला त्या आठवड्यात शेडवर जायला सवड नव्हती, म्हणून गोळ्या आणि वंगणाचं सामान त्याने माझ्याबरोबर घरी दिलं.

डबा मी प्रेसमध्ये — इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो — डाळींच्या मागे ठेवला. दुसऱ्या दिवशी तूरडाळ काढताना तो पुढे आला. बटर पेपरमधला तो पांढरा गोळा मला बघवेना. बर्गर खाताना कुठे गेली होती ही किळस? चरबी उचलून कचऱ्यात टाकली. मेणाचा तुकडा छोटा, तेवढ्यात भागणार नव्हतं. मग ड्रॉवरमधल्या मेणबत्त्या वितळवल्या आणि त्यात डोक्याला लावायचं खोबरेल ओतलं. वंगण ते वंगण, नाही का? रंग तर अगदी तसाच आला. कारखान्यात कुणी न कळवता एक घटक बदलला असता, तर मी अख्खी बॅच अडवून त्याला फैलावर घेतलं असतं.

यावर मी कित्येक वर्षं एक उत्तर तयार ठेवलं होतं. आई तेव्हा आमच्याकडे आलेली होती, तिच्यासमोर स्वयंपाकघरात गाईची चरबी कशी वितळवणार? ऐकायला बरं वाटतं. पण आई तेव्हा सांगलीत होती. आणि इथे असती तरी म्हणाली असती, "परसात जाऊन कर की गं, काय एवढं?" आईचा यात काडीचाही संबंध नाही. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — नोएल, मला नाही जमणार. ते म्हणायची लाज वाटली. फसवायची वाटली नाही.

सामन्यात त्याच्या सुरुवातीच्या गोळ्या मधोमध बसल्या. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहून डोळा मिचकावला. मग एक कडेला गेली. पुढची आणखी बाहेर. शेवटच्या काही तर लक्ष्याच्या कागदाला लागल्यासुद्धा नाहीत. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट. नोएलने रायफल खाली ठेवली आणि मला हळूच विचारलं,

"सेम स्टफ, वॉज इट?"

"सेम, नोएल."

त्याने मान डोलावली. "यू क्लीन हर, गर्ल," म्हणाला आणि क्लबच्या खोलीत चहाला गेला. त्याआधी त्याने नळी कधीच कुणाला साफ करू दिली नव्हती.

मी ब्रश घातला. फडक्यावर शिशाचे चकचकीत कपटे आले, कितीतरी. हात नाही, डोळा नाही — माझी मेणबत्ती. फडकं घेऊन दहा पावलं चालायची होती. मी ते घडी करून खिशात घातलं.

नोएलने रायफल क्लबातल्याच डेक्लन नावाच्या तरुणाला देऊन टाकली. काही दिवसांनी गाडी चालवणंही सोडलं. त्याची बायको मॉरा म्हणाली, त्याचा स्वतःवर भरवसाच उरला नाही. शेडला कुलूप लागलं. पुढच्या वसंतात डेक्लनने त्याच रायफलीने, चरबीचं वंगण लावून, अशा गोळ्या मारल्या की सगळ्या बशीखाली झाकल्या जाव्यात. "पुअर नोएल," तो मला म्हणाला, "हात गेला होता त्याचा." मी हो म्हणाले.

तुम्हाला वाटेल, झालं, एवढंच. मलाही इथेच थांबायला आवडलं असतं.

त्या उन्हाळ्यात मी नोएलकडे गेले, चकल्या घेऊन. त्या त्याला फार आवडायच्या. डेक्लनची बातमी त्याच्या कानावर गेली होती. मॉरा चहा करायला आत गेली, तसे त्याने दोन्ही हात टेबलावर पसरले. बोटं आखडलेली, पण हात स्थिर. जराही हलत नव्हते.

"बघ," तो म्हणाला. "डोळ्यांचा डॉक्टर म्हणतो, ग्रँड. रायफलही ग्रँड. मग त्या दिवशी झालं काय असेल? मी रोज विचार करतो गं."

त्याला संशय नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, म्हणून तो मला विचारत होता, कारण क्लबात त्याचा माझ्यावर होता तितका विश्वास दुसऱ्या कुणावर नव्हता. खोलीत आम्ही दोघंच होतो. एका वाक्याचं काम होतं. तो कदाचित चिडला असता, कदाचित मोठ्याने हसला असता — आणि दुसऱ्या दिवशी शेडचं कुलूप काढलं असतं.

"वय, नोएल," मी म्हणाले. "वयाचं असतं असं."

त्याने हातांकडे पाहिलं. मग त्याने ते टेबलाखाली घेतले. २०१९च्या हिवाळ्यात तो गेला, तोवर मी त्याच्याकडे आणखी कितीतरी वेळा गेले. दर वेळी चकल्या नेल्या.