खांबेट्यांचं हेल्मेट

बिबवेवाडीच्या अनंतराव खांबेट्यांनी उभ्या आयुष्यात कधी डोक्यावर हेल्मेट चढवलं नव्हतं. हेल्मेटसक्तीच्या विरोधातल्या मोर्चात ते पहिल्या रांगेत होते. डोकं आमचं आहे, सरकारचं नाही, हे त्यांनी चौकातल्या पोलिसालाही ऐकवलं होतं. असा माणूस एका सकाळी आपणहून हेल्मेट विकत घेऊन आला. काळं, पुढे काच असलेलं. त्यांच्या पत्नीला, हेमाताईंना, अगदी भरून आलं.

कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी अनंतरावांच्या पोटरीत रक्ताची गुठळी झाली, ती तिथून सुटून फुप्फुसात जाऊन अडकली, आणि आयसीयूबाहेरच्या बाकावर हेमाताईंनी कसे दिवस काढले ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, की पुन्हा सिगरेट ओढलीत तर रक्त गोठण्याचा धोका वाढेल, आणि दुसरी गुठळी दवाखान्यात पोचायला वेळ देईलच असं नाही. अनंतरावांनी मान डोलावली. मान डोलवायला त्यांचं कधीच काही जात नसे.

हेल्मेटचं कारण त्यांनी झकास सांगितलं. गोळ्यांमुळे रक्त पातळ झालंय, डोक्याला मार लागला तर थांबायचं नाही. ते खरंही होतं. विम्याच्या कचेरीत हयात घालवलेल्या माणसाला खोटं बोलताना खरं कसं वापरायचं ते बरोबर कळतं. खरी गोम अशी, की हेल्मेट घातलं की टपरीवर आपल्याला कोणी ओळखणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

मग दूध आणायला पायी जातानाही हेल्मेट. टपरीमागे उभं राहायचं, काच वर करून झुरका मारायचा, ओळखीचं कोणी दिसलं की काच खटकन खाली. एकदा शेजारचा आमोद समोर आला आणि काच ऐन झुरक्यावर पडली. अनंतराव आत ठसकत राहिले आणि हनुवटीखालून धूर निघू लागला. "काका, आत काही जळतंय का?" आमोदने काळजीने विचारलं. हेल्मेट घालून पायी हिंडणारा माणूस अख्ख्या बिबवेवाडीत एकच होता, हे अनंतरावांच्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

त्याच दिवशी जिना चढताना त्यांची छाती दाटून आली. कठडा धरून ते थांबले. हेल्मेट फार जड आहे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. हेल्मेट तेव्हा काखेत होतं.

दुसऱ्या दिवशी हेमाताई स्कूटरवरून मार्केट यार्डात निघाल्या. त्यांनी तेच हेल्मेट घातलं, काच खाली केली आणि तशाच उभ्या राहिल्या. अनंतराव घाईघाईने शहरातल्या धुराबद्दल बोलू लागले. रिक्षांपासून सुरू झाले ते महापालिकेपर्यंत पोचले. हेमाताईंनी काच वर केली, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

"अहो, मी सोसायटीभर सांगत सुटले होते," त्या म्हणाल्या, "की यांना आता जगावंसं वाटतंय, म्हणून हेल्मेट घालतात."

अनंतरावांनी खिशातलं सिगरेटचं पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. मार्केट यार्ड राहिलं, दोघं तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली, आणि जिन्यातली गोष्ट अनंतरावांनी कोणी न विचारता सांगितली. नवी गुठळी निघाली नाही, पण बाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं.

आता ते बाहेरून आले, की हेमाताई भर पार्किंगमध्ये हेल्मेट उलटं करून आत नाक खुपसतात. येणारेजाणारे बघत राहतात. अनंतराव शेजारी श्वास रोखून उभे असतात, आणि त्या "चला" म्हणेपर्यंत जिन्याकडे पाऊल टाकत नाहीत.